नावाचं शेपूट

४ जून

पोचले एकदाची! टपालाच्या गाडीत मागे, पिठाच्या पोत्यांवर बसून चार तास. तोंडात धूळ, केसांत धूळ, आणि तरी मी वाटभर गाणी म्हणत होते. गाडीवाला म्हणाला, बाई, रोइक्लिपला जाताना एवढं खूश कोणी नसतं, लोक परत येताना खूश असतात.

ऊम बार्नाबस रस्त्यापर्यंत घ्यायला आला होता. ऊम म्हणजे काका. माझ्या वडिलांचा धाकटा सख्खा भाऊ. हॅट काढून छातीशी धरली होती. मला मिठीत घेऊन रडला. त्याला पेपरमिंटचा वास येतो, मी लहान असताना यायचा तसाच. मग डोळे पुसून म्हणाला, काय गं मिना, तुमच्या शहरात खायला घालत नाहीत की काय? नुसती काडी झालीस!

घर तीन खोल्यांचं, वर पत्रा, मागे दगडी कुंपणात शेळ्या. निखाऱ्यावर भाजलेले पाव आणि शेळीची कलेजी तयार होती. मधल्या खोलीत कोरफडींची खोकी छतापर्यंत रचलेली आहेत. स्वयंपाकघराच्या दारातून कडा दिसतो, लालभडक, आणि त्याच्या पायाशी नदीची हिरवी पट्टी. माझं काम सोपं आहे. घर झाडायचं, पाव भाजायचे आणि खोक्यांवर लावायच्या चिठ्ठ्या लिहायच्या: किती पानं, केवढं खोड, कुठल्या बाजूचं रोप. ऊमचं अक्षर म्हणजे कोंबडीने उकरलेली माती, ते शहरातल्या गिऱ्हाइकाला वाचता येत नाही.

मी फार आनंदात आहे. नऊ महिने या दिवसाची वाट पाहिली. मी ऊमला मारायला आले आहे, आणि त्याने माझी पिशवी स्वतः उचलून दारापर्यंत आणली.

६ जून

एकदा नीट लिहून ठेवते. पुढे मन कच्चं झालं तर हे पान उघडता येईल.

गर्सन माझा थोरला भाऊ. आईवडील गेल्यावर त्यानेच मला वाढवलं. गाठी मारायला, दोरावरून उतरायला आणि सफाईने खोटं बोलायला त्यानेच शिकवलं. गेल्या सप्टेंबरात ऊमने त्याला कोरफडी काढायला कड्यावर उतरवलं. दोर दोन होते, एक गर्सनचा, एक पोत्याचा. वर ऊम. दुपारी लांबून गस्तीची गाडी दिसली. कड्यावरची ही रोपं काढायला बंदी आहे. ऊमने आधी पोतं वर घेतलं. मग गर्सनचा दोरही ओढून घेतला, कारण लोंबता दोर दिसला असता तर ऊम पकडला गेला असता. आणि निघून गेला. गस्त गेल्यावरही परत आला नाही. गावात सांगितलं, पोरगा कुठे गेलाय कोण जाणे.

जेमतेम पाय मुडपून बसता येईल अशा कपारीवर माझा भाऊ तीन दिवस होता. त्याची पाण्याची बाटली पोत्यात होती. चौथ्या दिवशी तो खाली दगडांत सापडला. त्याच्या खिशातला फोन मला मिळाला. कपारीवर रेंज नव्हती, पण त्यावर त्याने रेकॉर्ड केलेला आवाज आहे. ‘ऊमने आधी पोतं घेतलं, मिना.’ एवढंच वाक्य कळतं, बाकी सगळा वारा; उरलेलं मी जुळवून काढलं. पोलिसांनी ऐकलं आणि म्हणाले, वाऱ्यावर खटला उभा राहत नाही.

फोन माझ्याकडे आहे हे ऊमला ठाऊक नाही. फळीवर उंदराचं औषध आहे, पण ते फार लवकर आटपतं. मला तीन दिवस हवेत.

९ जून

सूड घ्यायला आले आणि एका झाडाच्या प्रेमात पडले. असं व्हायला नको होतं.

आज बारा रोपं मोजली. ही कोरफड आमच्या माळावरच्या कोरफडीसारखी ताठ उभी राहत नाही. हातभर लांब खोड, तेही खाली डोकं करून लोंबणारं. पानं विळ्यासारखी वाकडी, राखाडी हिरवी, अंगावर एकही ठिपका नाही, आणि सगळी कड्याकडे वळलेली. दुष्काळात ती लालसर होतात आणि मुठीसारखी मिटतात. आमच्याकडे सूर्य उत्तरेकडून जातो, म्हणून कड्याच्या दक्षिण अंगाला ऊन फिरकत नाही; तिथे नखभर फटीत ती मूळ रोवते. फुलाचा दांडा आधी खाली लोंबतो आणि टोकाशी झटकन वर वळतो. निजलेल्या माणसाने मान उचलून बघावं तसा. बियांना पातळ पंख असतात. वारा त्या नेऊन पुढच्या फटीत टाकतो. पान तोडलं की पिवळा रस येतो आणि वाळून लाल दारूच्या डागासारखा काळपट होतो.

पानांच्या कडेचे दात मात्र गंमतीचे. पांढरे, बारीक, मऊ. ऊमने माझं बोट धरून त्यांवरून फिरवलं. मांजराच्या पिल्लाने चावल्यासारखं वाटलं. म्हणाला, माळावरच्या कोरफडीला काटे लागतात, तिथे शेळ्या आहेत, साळिंदरं आहेत. कड्यावर हिच्या वाटेला कोण जातंय? म्हणून ही बोळकी. उपटून कोरडी टांगून ठेव, वर्षभर मरायची नाही. आपल्याच पानांतलं पाणी पुरवून पुरवून पीत बसते.

हे सांगताना त्याचा चेहरा किती मायाळू झाला होता. प्रत्येक रोप तो ओल्या फडक्यात गुंडाळतो. गर्सनला एक बाटली फेकायला त्याचा हात उचलला नाही.

१३ जून, रविवार

देवळात ऊम पहिल्या बाकावर बसतो. आज त्याने उभं राहून गर्सनसाठी प्रार्थना म्हटली. म्हणे पोरगा घाईचा होता, एकटाच गेला, माझं ऐकलं असतं तर! बायकांनी रुमाल काढले. मी पेपरमिंट दातांखाली कडाकड फोडलं.

बाहेर टानी ड्रीकाने अडवलं. टानी म्हणजे मावशी. वयाने मोठी ती प्रत्येक बाई टानीच. ही तर ऐंशीच्या पुढची, कानाने बहिरी, तोंडात पाइप. सरकारने बांधून दिलेल्या सिमेंटच्या घरात तिने करडं कोंडली आहेत आणि स्वतः शेजारच्या चटयांच्या झोपडीत राहते. माझी हनुवटी धरून डोळ्यांजवळ नेली आणि म्हणाली, गारूस, आलीस का गं? मी ओरडून सांगितलं, टानी, मी मिना, आन्द्रिसची मुलगी. तर मान डोलावून पुन्हा गारूसच. कोणाशी घोळ घालत होती देव जाणे. मीही नाद सोडला.

१७ जून

ऊमला खोकला झालाय. मी त्याचं निमित्त करून टानी ड्रीकाकडे गेले, बरोबर तिची आवडती तंबाखू. बोलता बोलता तिने मला जे दिलं ते कुठल्या दुकानात मिळालं नसतं.

कड्यावरची कोरफड गावात औषधाला काढतात, पण तिची रीत आहे. आधी तिच्या फटीत पाणी सोडायचं. मग ज्याचं दुखणं त्याचं जुनं नाव घ्यायचं. मग कापायची आणि त्याच्या घरात टांगायची. ती त्या माणसाचं दुखणं पिऊन टाकते. टानी म्हणाली, चर्चमधलं नाव चालायचं नाही हो, ते काल आलंय, तिला कुठून ठाऊक असणार?

जुनी नावं आमच्यात उलटी चालतात, एवढं मी लहानपणी ऐकलं होतं: मुलग्यांना आईचं नाव, मुलींना बापाचं. आम्ही शहरात वाढलो, आई परगावची, आम्हाला हे कोण शिकवणार! टानीने सांगितलं, बार्नाबसच्या आईचं नाव गारू, म्हणून तो गारूब. आणि बजावलं, शेपूट विसरू नकोस पोरी, बाप्याला ब, बाईला स. नुसतंच गारू म्हटलंस तर कोण ते तिला कसं कळायचं? मी म्हटलं, टानी, तुमच्या झाडाला व्याकरण येतं वाटतं? तर पाइपने टपली मारली.

निघताना मी तिच्या कानाशी तोंड नेऊन सहज विचारलं, आणि पाणी न सोडता काढली तर? तिने आधी बाहेर डोकावून पाहिलं. मग म्हणाली, कोरडी काढू नये. कोरडी काढलेली तहानेली असते. ज्याचं नाव घेतलं त्यालाच पिते, थेंब राहीपर्यंत. किती दिवसांत, असं विचारलं. म्हणाली, ती फुलली की तीन.

तीन! मी रस्ताभर हसत आले.

२१ जून

ऊम गिऱ्हाइकाला भेटायला दोन दिवसांसाठी गेला. मी सकाळीच कडा गाठला.

गर्सनची खुंटी वर अजून ठोकलेली आहे. त्याचाच जुना दोर तिला बांधला आणि उतरले. गाठी बरोबर आल्या. कपार मला वाटली होती त्याहून लहान आहे. तिथल्या मातीत टाचांनी पडलेले दोन खड्डे आहेत. भिंतीवर एक कोरफड आहे. तिची खालची पानं अर्धवट, कडा वाळून तपकिरी झालेल्या. त्यांवर दातांच्या खुणा आहेत. गर्सनच्या समोरच्या दातात फट होती. ती फट त्या पानावर उमटली आहे.

तो तिचं पाणी प्यायला होता. तो इथे बसून एकेक पान चावत होता आणि तिकडे ऊम पावाला लोणी लावत होता.

मग मला आवरेना. बाटली कमरेलाच होती, तिच्या बुचाला हात लावला नाही. पाणी सोडायचं ते मी कोणाच्या नावाने सोडू? सुरी लावली आणि ओरडले. गारू! गारू! घसा फाटेपर्यंत. समोरच्या कड्याने ते नाव घेतलं आणि जसंच्या तसं परत केलं. मग कापलं.

वर आल्यावर खूप वेळ रडले आणि मग भूक लागली. कित्येक महिन्यांनी लागली.

२३ जून

ऊमला सांगितलं, तुझ्या खोकल्यासाठी आणली, गर्सनच्या जागेची आहे. जागेचं नाव ऐकून त्याचा चेहरा पडला. पण घरात कोरफड टांगणं शुभ असतं, आणि माणसाला भेट नाकारता येत नाही. त्याने स्वतः स्टुलावर चढून पलंगावरच्या तुळईला बांधली. मी स्टूल धरलं होतं. म्हणाला, तू फार गुणाची आहेस गं.

त्याच्या उशाशी तांब्याएवढा पाण्याचा कॅन असतो. झोपताना, गाडीत, शेळ्यांमागे, कायम. गर्सन गेल्यापासूनची सवय, असं शेजारीण म्हणाली. खाई त्याला खवखवे, दुसरं काय!

२८ जून

खोकला गेला. ऊम खूश. मी थोडी नाराज.

पण रोप बदलतंय. पाणी नाही, माती नाही, तरी मिटलेली पानं उघडली. कड्याकडे वळायची सवय, तर इथेही कड्याच्या बाजूला वळतील असं वाटलं होतं. ती पलंगाकडे वळली आहेत. आज चिठ्ठीसाठी मापं घेताना बोट कापलं. दात मऊ राहिलेले नाहीत. ऊमला दाखवलं तर हसला, म्हणाला, बोळकीला कवळी बसवली वाटतं कोणी. मग त्याने स्वतः बोट फिरवून बघितलं आणि हसायचा थांबला.

२ जुलै

फुलाचा दांडा आला आहे. चार दिवसांत वीतभर. लोंबत खाली येतो आहे. ऊम आता दिवसाला दोन कॅन पितो. म्हणतो, पाणी कडू लागतंय, विहिरीत काही पडलंय का? मी तेच पाणी पिते, गोड आहे.

५ जुलै

ऊमच्या तळहाताच्या कडेला करंगळीपासून मनगटापर्यंत पांढऱ्या पुळ्या उठल्या आहेत. एका ओळीत, सारख्या अंतरावर. त्याने मला हात लावून बघायला सांगितलं. मांजराच्या पिल्लाच्या दातांसारख्या लागल्या.

तो घाबरला आहे. रोप काढून टाक म्हणाला. मी म्हटलं, भेट परत करतात का ऊम, अपशकुन होईल. मग त्याने हात पांघरुणात घेतला. आपलेच रीतिरिवाज कधी कधी किती कामाला येतात!

७ जुलै

फुललं. फिकट लाल फुलं, टोकं हिरवी. दांड्याचं टोक वर वळलं आहे, नेमकं उशीच्या दिशेने. ऊम उशीची जागा बदलून पायथ्याशी झोपला. सकाळी टोक पायथ्याकडे होतं.

पहिला दिवस.

८ जुलै

दुसरा. तो उठू शकत नाही. पाणी देते, प्यायलेलं ओठांतून परत येतं, पिवळं. कातडी राखाडी झाली आहे. मी खुर्ची ओढून समोर बसले आणि गर्सनच्या फोनवरचा आवाज लावला.

‘ऊमने आधी पोतं घेतलं, मिना.’ नऊ वेळा लावला. महिन्याला एकदा.

ऊम म्हणाला, मी परत येणार होतो. मी विचारलं, कधी? म्हणाला, दुसऱ्या दिवशी येणार होतो, पण लोक विचारतील म्हणून भ्यालो, मग तिसऱ्या दिवशी वाटलं आता गेलाच असेल. मग म्हणाला, मला त्याचं ओरडणं घरापर्यंत ऐकू येत होतं गं.

त्या कड्यापासून हे घर किती जवळ आहे, हे मी रोज पाव भाजताना बघते. मला त्याची दया आली नाही. हे इथे स्पष्ट लिहून ठेवते. अजिबात आली नाही.

९ जुलै

दुपारी गेला. तीन दिवस भरून.

शेजारच्या दोघांनी उचलला तेव्हा ते एकमेकांकडे बघत राहिले. एकजण म्हणाला, रिकाम्या पोत्याएवढा आहे. मला हसू आलं, मी पदराएवढ्या रुमालात तोंड झाकलं. त्यांना वाटलं रडतेय.

गर्सन, झालं रे.

११ जुलै, रविवार

काल पुरलं. फुलं गळून पडली. मला वाटलं होतं आता रोप वाळेल.

आज बुंध्यातून दुसरा दांडा निघाला आहे.

दमले असेन. सकाळपासून पाच पेले पाणी झालं. कडू आहे.

१२ जुलै

डाव्या तळहाताच्या कडेला, करंगळीपासून. एका ओळीत.

टानी ड्रीकाकडे धावत गेले. सगळं सांगितलं, ओरडून ओरडून, कारण तिला ऐकू येत नाही. पूर्ण गावाने ऐकलं असेल, ऐकू दे. तिने एकच विचारलं. शेपूट लावलंस ना?

मी आठवू लागले. माझा संताप आठवला, पानावरची ती दातांची फट आठवली, समोरच्या कड्याचा आवाज आठवला. गारू, गारू. ब नव्हता. मी ब म्हटलाच नव्हता.

टानी म्हणाली, बाई गं, त्या गारूला मुलगे दोन. आन्द्रिसही गारूबच की. आणि मुलीला बापाचं. तुला मी देवळाबाहेर काय म्हणाले होते?

गारूस.

मी वही उलटून पाहिली. तेरा तारखेला लिहिलं आहे. सतरा तारखेला रीत लिहिली आहे. दोन्ही माझ्याच अक्षरात. चार दिवसांचं अंतर, दोन पानांचं. गर्सनला काही झालं नसतं, त्याला आईचं नाव. एका हाकेत घरातले दोघेच उभे होते, ऊम आणि मी.

टानी म्हणते उपाय आहे. जिथे नाव घेतलं तिथेच जायचं. रोप फटीत परत लावायचं, पाणी सोडायचं, पुरं नाव शेपटासकट मोठ्याने म्हणायचं. मग ती समजेल की फक्त बाप्या हवा होता, बाई नाही. पण ती फुलायच्या आत. फुलल्यावर तीनच दिवस.

कळी धरली आहे.

१३ जुलै

रोप पाठीवर बांधून निघाले. दोन बाटल्या, एक तिची, एक माझी. अर्ध्या वाटेतच माझी संपली. मानेला काहीतरी टोचतं आहे. मागे वळून बघत नाही —

कड्यावर धुकं. खुंटी पक्की आहे. गाठ दोनदा तपासली, गर्सन तपासायचा तशी. उतरते.

१३ जुलै, कपारीवर

रोप फटीत बसवलं. लगेच धरलं, जणू गेलंच नव्हतं. पाणी सोडलं. सगळं प्यायली. एक थेंब खाली पडला नाही.

नाव म्हणणार इतक्यात दोर वरून माझ्या मांडीवर येऊन पडला. पूर्ण दोर. टोक बघितलं. कापलेलं नाही, तुटलेलं नाही. बारीक बारीक चावलेलं आहे. या कड्यावर शेळी येत नाही, साळिंदर येत नाही — वर बघितलं. खुंटीच्या खालच्या फटीत एक लहान रोप आहे. येताना ते दिसलं नव्हतं.

१४ जुलै

फुललं. टोक माझ्याकडे. पहिला दिवस.

नाव म्हणायला जाते. गारू येतं. पुढे ब येत नाही. ब म्हणायला ओठ मिटावे लागतात. माझे मिटत नाहीत, सुकून मागे गेले आहेत, दात उघडे. गारू म्हणते आणि मागून नुसता श्वास निघतो —

गारूस्‌ —

नाही. मी ते म्हटलं नाही. तो श्वास होता. ऐक, तो फक्त श्वास —

१५

इथून घर दिसतं. धुराडं, शेळ्या, दार. कोणी आहे दारात. ओरडले. ओरडताना शेवटी स येतो. आता ओरडत नाही.

टाचा गर्सनच्या खड्ड्यांत बरोबर बसतात.

तिचं एक पान चावलं. गर्सनच्या खुणेच्या शेजारी. कडू. तिने ओढून घेतलं की मी —

१६, तिसरा

बोटांवर हिरवट. पेन्सिल धरवते, अजून.

एक सुचलं. तोंडाने नाही तर हाताने. लिहिलेलं तिला चालेल. चालायलाच हवं, नाव ते नावच. वही तिच्यासमोर धरते. दांडा वाकून बघतो आहे, वाचतो आहे.

नीट लिहिते. पुरं. घाई नको, संताप नको. तो बाप्या होता. ज्याने पोतं आधी घेतलं तो. एकटा तोच. शेपटासकट —

गारू